बुधाजी पाटलाची साक्ष

आगरदांड्याच्या अलीकडच्या कोळीवाड्यात शाळा आली तेव्हा देश स्वतंत्र होऊन पाच-सहा वर्षं झाली होती. शाळा म्हणजे देवळाची पडवी आणि पालीहून आलेले एक गुरुजी. वाड्याचा पाटील बुधाजी. त्यानं देवीसमोर नारळावर हात ठेवून सगळ्यांकडून वदवून घेतलं की पोरांना कामासाठी घरी ठेवायचं नाही. जो ठेवील त्याला वाड्याच्या बैठकीत जागा नाही. मग त्यानं गुरुजींना पाकटाची वाळवलेली शेपटी दिली. पाकट हा चपटा मासा. त्याची शेपटी वाळली की चाबकासारखी लवते आणि कातडं सोलते.

"हाडं आमची, कातडं तुमचं," असं म्हणून त्यानं आपली नलू सगळ्यांच्या आधी पुढं केली.

नलू दहा वर्षांची. शेपटीचं तिला भय वाटलं नाही. बाप पाटील, आणि अभ्यास तर तिला येतच होता. होडीवरचं नाव तिला वाचता यायला लागलं, तेव्हा बुधाजी येईल त्या पाहुण्याला किनाऱ्यावर नेऊन तिच्याकडून ते वाचून घ्यायचा.

फाल्गुनात एका पहाटे जवळा उदंड लागला. ही बारीक कोलंबी लगेच मासळी वाळवायच्या खळ्यावर पसरली नाही तर दुपारपर्यंत नासते. आई बाळंतीण. बुधाजीनं शाळेला निघालेल्या पोरीला थांबवलं.

"आज ऱ्हा. गुरुजींना मी सांगतो."

बाप सांगणार म्हटल्यावर काळजी कसली? नलूनं दिवसभर जवळा पसरला, उलटला, कावळे हाकले.

दुसऱ्या दिवशी गुरुजींनी विचारलं तेव्हा तिनं सरळ सांगितलं, बानं ठेवलं होतं. गुरुजींना ते पटेना. त्यांनी बुधाजीला बोलावणं धाडलं. त्याच्यामागून चार माणसं आली. त्यांत भागोजी होता. पोराला होडीवर नेलं म्हणून बुधाजीनं त्याला शिमग्याच्या बैठकीतून उठवलं होतं.

"पाटील, तुम्ही ठेवलं होतं हिला?"

बुधाजीनं भागोजीकडं बघितलं. मग खांबाकडं. नलूकडं बघितलंच नाही.

"न्हाय गुरुजी. घरातून तर गेलती."

"व्हय, उन्हात काय बाय दिसतं माणसाला," भागोजी खळ्याच्या दिशेनं बघत म्हणाला. खळ्यावर तिला सगळ्यांनीच बघितलं होतं, पण पाटलाशी वैर कोण घेणार?

गुरुजी म्हणाले, शाळा चुकवलीस ते एक वेळ सोडलं असतं, पण बापावर आळ घेतलास. त्यांनी शेपटी उचलली. नलूनं हात पुढं केला. प्रत्येक फटक्याला तिला वाटे, बा आता बोलेल. शेवटी मान वर करून बघितलं तर बा निघून गेला होता.

रात्री आईनं हळद-तेल लावलं. बुधाजी पाठ करून जेवला.

सकाळी नलू दप्तर न घेता खळ्यावर जाऊन बसली. बुधाजी मागोमाग आला. शाळेत जा म्हणाला, आधी दटावून, मग गोडीनं.

"मी शाळा चुकवते असं तूच सांगितलंस ना?" ती म्हणाली. "मग चुकवते."

खळ्यावरच्या बाया हातातलं काम थांबवून ऐकत होत्या. बुधाजीचा आवाज उतरला.

"चल. गुरुजींना खरं काय ते सांगतो मी."

"सांगतो म्हणालास, म्हणून तर ऱ्हायले व्हते, बा."

आणि सुजलेल्या हातानं ती जवळा उलटायला लागली.