झाडलेली खोली

मुलगा व्यसनमुक्ती केंद्रातून तिसऱ्यांदा घरी येणार, म्हणून आईने त्याची खोली आरशासारखी लख्ख केली. बाटल्या गेल्या, जुने कपडे गेले, भिंतीवरचे मित्रांचे फोटोही गेले.

"बघा, आता काही म्हणून शिल्लक ठेवलं नाही," ती नवऱ्याला, मास्तरांना, म्हणाली.

ती रिकामी खोली बघून मास्तरांना आपल्याच शिकवणीतला एक दाखला आठवला. जन्मभर त्यांनी सेमिनरीत, पाद्री घडवणाऱ्या शाळेत, येशूचं शुभवर्तमान शिकवलं होतं. माणसातून निघालेलं भूत रानोमाळ भटकून परत येतं, त्याला आपलं जुनं घर झाडलेलं पण रिकामं दिसतं, आणि मग ते आपल्याहून वाईट अशी आणखी सात भुतं घेऊन आत शिरतं. "भूत हे रूपक आहे, घर म्हणजे मन," असं ते वर्गात ठासून सांगत. त्यात घाबरण्यासारखं काही आहे, असं त्यांना आजवर कधी वाटलं नव्हतं.

संध्याकाळी मुलगा आला, तेव्हा मास्तर आपली गादी आणि पुस्तकांचे गठ्ठे त्याच्या खोलीत ओढत होते.

"पहारा द्यायला आलात, बाबा?"

"नाही रे. खोली फार रिकामी वाटली."

"तुम्ही घोरता."

"मग उठव मला. केव्हाही उठव."

मुलगा हात मांडीखाली दाबून पलंगाच्या कडेवर बसला आणि दाराकडे बघत राहिला. मास्तरांनी गादी उचलून दाराला लावून अंथरली. रूपक असोत की खरी, त्या सात भुतांपुढे एक म्हातारा कितीसा पुरणार, हे मात्र त्यांना कुणी शिकवलं नव्हतं.