माठासारखा वाजवून घेतलेला आवाज

मित्रांनो, मला कुणी जुनी म्हटलं की थोडा राग येतो. पण खोटं कशाला बोलू, आहेच मी जुनी. अंगावरचा लाल रंग वाजवणाऱ्याचा हात टेकतो तिथे पार उडाला आहे आणि तारा पिळायची एक खुंटी दुसऱ्याच कुणाची आणून बसवली आहे. मी इलेक्ट्रिक गिटार. मुक्काम डोणगाव, तालुका मेहकर. हर्षलच्या घरात भिंतीवरच्या खुंटीला माझी जागा आहे. खाली गवारीची पोती असतात आणि शेजारी फवारणीचा पंप. डोणगावात ट्रॅक्टर पुष्कळ, पंप तर घरोघरी, पण आमच्या गल्लीत इलेक्ट्रिक गिटार मी एकटीच. तेवढा तोरा मला असू द्या.

माझा जन्म कोलकात्याच्या एका लहानशा कारखान्यात झाला. साध्या लाकडी गिटारचं पोट पोकळ असतं, त्यामुळे ती स्वतःच्या पोटातून घुमते. माझं अंग मात्र भरीव. वीज नसली तर माझा आवाज डासाच्या आवाजाहून फार मोठा नाही. माझा खरा गळा म्हणजे तारांच्या खाली बसवलेले तीन पिकअप. दिसायला साध्या पांढऱ्या डब्या. पण प्रत्येकीत सहा चुंबकं उभी असतात आणि त्यांच्याभोवती केसाहून बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे. वर तार थरथरली की खाली वेढ्यांमध्ये वीज हलते, ती वायरमधून स्पीकरपर्यंत जाते आणि मग मी बोलते. मानेजवळची डबी गोड बोलते, खालच्या टोकाची झणझणीत, आणि मधली दोघींमधलं भांडण मिटवते. या जातीच्या पिकअपना एक खोड असते. आसपास विजेचं काही चालू असलं की ते बारीक 'घुंई' करत राहतात. माणसं घोरतात, तसंच समजा.

अकोल्याच्या एका ऑर्केस्ट्रात माझं तरुणपण गेलं. तो ऑर्केस्ट्रा बंद पडला आणि हर्षल मला डोणगावला घेऊन आला. हर्षल आईबरोबर भाजीपाला पिकवतो आणि लग्नसराईत गाण्याचे कार्यक्रम करतो. कार्यक्रमाला माणसं तिघंच. मी हर्षलच्या गळ्यात, त्याचा मित्र संघपाल ढोलकीवर, आणि गायला हर्षलची बायको रुपाली. रुपालीचा आवाज मोठा नाही. तो अंगावर येत नाही. जवळ येऊन बसतो. ती गायला लागली की स्वयंपाकघरातून आचारीसुद्धा झारा हातात घेऊन बाहेर येत. आणि घरी तर ती अखंड गुणगुणायची. चुलीपाशी, गोठ्यात, गवार तोडताना. मला तिच्या गुणगुणण्याची इतकी सवय झाली होती की सकाळ झाली हे मला त्यावरूनच कळे.

मग माझा मधला पिकअप गेला. आतली तार कुठेतरी तुटली आणि तो मुका झाला. पुढे दुसरा खरखरू लागला. हर्षलने मला खुंटीवर टांगलं ते टांगलंच. माझ्यावर धूळ बसली, एका कोळ्याने माझ्या मानेपासून पंपाच्या नळीपर्यंत संसार थाटला. लग्नसराई जवळ आली तेव्हा हर्षलला माझी आठवण झाली आणि तो मला पोत्यात गुंडाळून मेहकरला चिंतामणकाकांकडे घेऊन गेला.

चिंतामणकाका एके काळी पेटी वाजवत. आता बसस्टँडजवळ त्यांचं माइक-स्पीकर दुरुस्तीचं दुकान आहे. त्यांनी नव्या पिकअपचे दोन संच मागवून ठेवले होते. एक मवाळ, कमी वेढ्यांचा. दुसरा कडक, जास्त वेढ्यांचा आणि जोरदार चुंबकांचा. पिकअप जिवंत आहे की नाही हे पाहायला ते स्पीकरला जोडून स्क्रू-ड्रायव्हरने त्याच्यावर हळूच टिचकी मारतात. काकांनी तशी मारून दाखवली. मवाळ संच म्हणाला, 'टिक'. कडक संच म्हणाला, 'ठण्ण!'

हर्षलचे डोळे चमकले. त्याने काकांच्या हातातून स्क्रू-ड्रायव्हर घेतला आणि दोन्ही संच पुन्हापुन्हा वाजवले. डोणगावच्या बाजारात माठ घेताना माणसं असंच करतात. बोटाने ठोकायचं, आणि ठणठणीत वाजेल तो काखेत मारायचा.

"काका, हाच द्या. पक्का हाय हा," तो म्हणाला.

"अरे, बसवून वाजवून बघ. बायकोला बोलाव, तिच्या गाण्याबरोबर ऐक. घाई काय आहे?"

"ऐकाचं काय त्यात? वाजला ना खणखणीत!"

आणि मित्रांनो, मलाही तोच हवा होता. इतकी वर्षं बारीक आवाजात बोललेल्याला एकदम भोंगा मिळाला तर तो नको म्हणेल का?

साखरखेर्ड्याच्या लग्नात मी पहिल्यांदा नव्या गळ्याने बोलले. मंडपातली पोरं उड्या मारू लागली. "काय वाजते बे गिटार!" असं कुणीतरी ओरडलं आणि माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं. हर्षलच्या तर दोन मुठी. तेवढ्यात मागच्या रांगेतून आवाज आला, "बाईचा आवाज काही येऊन नाही राह्यला!"

रुपालीने माइक जवळ घेतला. पुढच्या गाण्यात तिने जोर लावला, त्याच्या पुढच्यात आणखी. कार्यक्रम संपेपर्यंत तिचा घसा बसला होता. दुसऱ्या लग्नात तेच झालं, तिसऱ्यात तर लोकांनी तिच्या गाण्याच्या वेळी जेवायला उठायला सुरुवात केली. हर्षल माझा आवाज कमी करून पाहायचा. पण या कडक पिकअपची गंमत अशी की कमी केलं की ते घोगरे होत, आणि तो घोगरेपणा नेमका रुपालीच्या आवाजाच्या जागेत जाऊन बसे. बसमध्ये एखादा दांडगा माणूस सरकून सरकूनही आपल्याच सीटवर बसतो ना, तसा.

"माहाच आवाज गेला," एक दिवस रुपाली म्हणाली. ज्येष्ठमध झालं, हळदीचं दूध झालं, मेहकरच्या डॉक्टरांनी घशात बॅटरी मारून झाली. डॉक्टर म्हणाले, काही नाही, विश्रांती घ्या. तिने घेतली. नुसती कार्यक्रमांपासून नाही, गाण्यापासूनच. चुलीपाशी गुणगुणणं थांबलं. गोठ्यातलं थांबलं. सकाळ झाली तरी मला कळेना.

चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच. चोर मी होते, आणि दोष तिच्या गळ्याला लागला होता. ओरडून सांगावंसं वाटे, पण माझ्या तोंडून तोच ठणठणाट निघाला असता, ज्याने हे सगळं झालं होतं. मला फार वाईट वाटायचं, मित्रांनो.

त्यातच संघपाल घरी आला. त्याच्या बहिणीचं लग्न ठरलं होतं. ती रुपालीची जिवाभावाची मैत्रीण. तिच्या पाठवणीचं गाणं रुपालीने म्हणायचं, हे दोघींमध्ये कधीचंच ठरलेलं होतं.

"वहिनी, तयारी करून ठेवा," संघपाल म्हणाला.

"संघपालभाऊ, माह्यानं नाही होणार," रुपाली खाली बघून म्हणाली. "साखरखेर्ड्याची दुसरी कोणी बाई पाहा. तिच्या लग्नात माह्या गाण्यात लोकं उठून गेले तं मले सहन नाही व्हणार."

संघपाल चहाचा कप खाली ठेवून गेला. हर्षललाही वाटू लागलं होतं की हिचा आवाज गेलाच.

एका दुपारी वीज गेली. वैशाखातल्या दुपारी आमच्याकडे वीज गेली की माणसाला करायला काही उरत नाही. ओसरीत रुपाली आणि तिची सासू कौशल्याबाई मेहकरच्या बाजारासाठी गवार निवडत बसल्या होत्या. हर्षलने कंटाळून मला खुंटीवरून काढलं आणि तो वायर न लावता नुसत्याच तारा छेडत बसला. पाठवणीच्या गाण्याचीच चाल त्याच्या बोटांत आली. माझा तो डासासारखा आवाज. आणि त्या आवाजावर, गवारीच्या शेंगांवरून नजर न काढता, रुपाली गाऊ लागली. आपण गातोय हे तिलाही कळलं नसावं. शेजारच्या अंगणात पाणी भरणारी बाई बादली ठेवून उभी राहिली.

"काऊन वं," कौशल्याबाई म्हणाल्या, "आवाज गेला म्हणते ना तू? मंग हे कोण गाऊन राह्यलं?"

रुपाली दचकून थांबली. हर्षल माझ्याकडे बघत राहिला. मग त्याने माझी मोकळी पडलेली वायर उचलून पाहिली.

"माय, हिचा आवाज गेलाच नाही! हे गिटार हिच्या आवाजावर बसून राह्यली होती. मीच वाजवून वाजवून, खणखणीत पाहून घेतले ते पिकअप. माठ घेतो तसे."

"अरे बाप्पा!" कौशल्याबाई कपाळावर हात मारून म्हणाल्या. "वाजवून माठ फुटका नाही, एवढंच कळते. पाणी गार व्हते का, ते भरून पेल्याबिगर कसं कळन?"

हर्षल हसला, पण रुपाली हसली नाही. "माह्या मनाची समजूत काढू नका," ती म्हणाली. "घरात येते आवाज, मंडपात नाही येत."

"मंग चाल मेहकरले. यावेळी तू पाहा, तू सांग. मी बोलत नाही."

दुसऱ्या दिवशी चिंतामणकाकांच्या दुकानात रुपाली स्टुलावर बसली ती पदर घट्ट धरून. तिला भीती वाटत होती हे मला दिसत होतं. इथेही आवाज निघाला नाही तर मग तिला कुणाला दोष द्यायला जागाच उरणार नव्हती. काकांनी माझ्या तारा सैल केल्या, कडक संच काढला आणि आधी एक नवाच प्रकार लावला. त्यात वरखाली दोन वेटोळी असतात आणि ती एकमेकांची घुंई खाऊन टाकतात. हर्षलने वाजवलं. खरंच, घुंईचा मागमूस नव्हता. रुपाली दोन ओळी गायली. तिचा आवाज स्वच्छ ऐकू आला.

हर्षलचा चेहरा खुलला, पण रुपालीने मान हलवली. "कोणीतरी गोधडी पांघरून गिटार वाजवून राह्यलं, असं वाटते."

मग काकांनी तो पहिला, 'टिक' म्हणणारा मवाळ संच लावला. लावताक्षणी मी घुंई केलं. हर्षलच्या कपाळाला आठी पडली, पण शब्द दिला होता, म्हणून तो बोलला नाही. रुपाली गायली. तिने श्वास घ्यायला थांबावं, तेवढ्या जागेत माझी तार हळूच वाजावी. ती परत आली की मी बाजूला व्हावं. मला कुणी शिकवलं नव्हतं, त्या गळ्याने ते आपोआप होत होतं. दोन ओळी संपल्या तरी ती थांबली नाही. सगळं गाणं म्हणाली. माइक दुरुस्तीला घेऊन आलेलं एक गिऱ्हाईक दारातच उभं राहिलं आणि गाणं संपल्यावरही कशाला आलो होतो हे त्याला लवकर आठवेना.

"हेच," रुपाली म्हणाली. तिचे डोळे भरले होते.

"पण हे गुणगुणते ना," हर्षलला राहवलं नाही.

"गुणगुणू द्या तिले. एवढे दिवस मी गुणगुणत नव्हती, तं घर कसं लागे तुमाले?"

काकांनी मात्र घुंई अडवायला पिकअपखालच्या खाचेत तांब्याची पातळ पट्टी चिकटवली, आतल्या जुन्या वायरींचे सांधे नव्याने झाळले, आणि मधला पिकअप उलट्या वेढ्यांचा निवडला. तो शेजारच्याबरोबर वाजला की माझी घुंई निवते. एकटी असले की अजून थोडी घोरते, पण ते आता घरातल्यांना चालतं.

संघपालच्या बहिणीचं लग्न डोणगावलाच झालं. पाठवणीच्या वेळी रुपाली गायला उभी राहिली. पहिली ओळ तिने माझ्याकडे बघून म्हटली, दुसरी मैत्रिणीकडे बघून. जेवायला कुणी उठलं नाही. नवरीने तिच्या खांद्यावर डोकं ठेवलं, तरी तिने गाणं सोडलं नाही. तशीच, तिला धरून, शेवटपर्यंत गायली. पोरांनी उड्या मारल्या नाहीत आणि 'काय वाजते बे' असंही कुणी ओरडलं नाही. मला थोडं चुकल्यासारखं झालं, हे सांगायला हवं.

गाडी गेल्यावर संघपालच्या शेजारच्या अन्नपूर्णाबाई भिंत चाचपत पुढे आल्या. त्यांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे. त्यांनी रुपालीचे हात हातात घेतले आणि तिच्या गालांवरून हात फिरवून बोटं मोडली.

"पोरी, लय गोड गायली. आन ते दुसरी कुठं हाय?"

"दुसरी कोण, आजी?"

"तुह्या मागं मागं गाऊन राह्यली होती ते. तू थांबे तवा बोलायची. तिलेही बोलाव, तिचीबी दृष्ट काढू दे."

रुपालीने आजींचा हात धरला आणि माझ्या तारांवर ठेवला.

मित्रांनो, आमची काळजी घेत जा. वाजवून झालं की तारा पुसा, उन्हात टाकून ठेवू नका, आतलं काही बदलायचं झालं तर ज्याच्या सोबतीला आम्हाला वाजायचं आहे त्याला आधी विचारा. पण त्याहून एक मोठी विनंती आहे. तुमच्या घरात कुणी गायचं थांबलं असेल, तर लगेच त्याचा घसा तपासायला नेऊ नका. आधी आपला आवाज थोडा कमी करून पाहा.