लिफ्ट अडकली की खाली बसायचं

तळमजला

लिफ्ट दुरुस्त करणाऱ्याची लोकांना आठवण होते ती आत कुणी अडकलं की. लिफ्ट मुकाट्याने चालू असेल तर त्याला कोण कशाला फोन करतो? तर हा असा एक लिफ्टवाला. अडकलेल्या माणसाशी दाराबाहेरून बोलावं ते त्यानेच. "खाली बसा. पाठ भिंतीला टेका. दार ढकलू नका, ओरडून दम घालवू नका. मी इथेच आहे." एवढं तो अशा काही आवाजात सांगायचा की आतलं रडणं थांबायचं आणि आतून प्रश्न यायचा, "तुम्ही जेवलात का हो?"

घरी मात्र हा आवाज चालला नाही. बायको म्हणायची, "मी काही लिफ्टमध्ये अडकलेली नाही. माझ्याशी माणसासारखं बोल." ती औषधांच्या दुकानात कामाला होती, ठरल्या वेळी जायची, ठरल्या वेळी यायची. याचा फोन कधीही वाजायचा, ताटावरही. शेवटी ती मुलीला घेऊन वेगळी राहायला गेली आणि प्रकरण कोर्टात उभं राहिलं. भांड्याकुंड्यांवरून भांडण नव्हतंच. भांडण एवढंच, की टिचकी कुणाकडे राहणार.

टिचकी म्हणजे मुलगी, वय वर्षं सात. पोटात असताना आतून टिचक्या मारायची म्हणून टिचकी. या एका गोष्टीवर दोघांचं आजही एकमत होतं.

पहिला मजला

रविवारी संध्याकाळी तो तिला आईकडे परत सोडायला निघाला होता. जिन्यात टिचकी थांबली.

"उद्या ती कोर्टातली बाई काय विचारणार?"

"काही नाही गं. खेळायला देईल, गप्पा मारेल."

"मी सांगू का तिला, की मला तुझ्याकडे राहायचंय?"

इथे दुसरा कुणी बाप असता तर म्हणाला असता, सांग बाई, मोठ्याने सांग. पण याला त्याच्या वकीलबाईंनी बजावून ठेवलं होतं: मुलीला एक शब्द पढवू नका, पढवलेलं पोर कोर्टातल्या लोकांना दारातच ओळखू येतं. आणि हा पडला नियमाचा माणूस.

"विचारतील तेवढंच सांगायचं," तो म्हणाला.

"आणि भीती वाटली तर?"

"लिफ्ट अडकली की काय करायचं?"

तिने एका दमात म्हणून दाखवलं. "खाली बसायचं. पाठ भिंतीला. दार ढकलायचं नाही. ओरडायचं नाही. कुणीतरी येतं."

"कोण येतं?"

"तू."

"झालं तर मग."

पहिला आणि दुसरा यांच्या मध्ये

कोर्टातली मुलांची खोली. रंगीत चटई, खेळण्यातली चूल, भिंतीवर हसरा हत्ती, त्याचा एक दात पोपडे निघून गेलेला. कोपऱ्यात समुपदेशक बाई, चष्मा कपाळावर चढवलेला. बाई चांगल्या होत्या. आई हवी की बाबा हवेत असं त्या कुठल्याच मुलाला विचारत नसत. मुलाला असं दोन्हीकडून ओढायचं नाही, हा त्यांचा नियम.

मूल आईसोबत कसं असतं आणि बापासोबत कसं, एवढं त्या बघत. आधी बापाची पाळी. तो टिचकीला घेऊन आत गेला आणि दार लागलं.

टिचकीने खोली पाहिली, बाई पाहिल्या, बंद दार पाहिलं. मग ती दाराशेजारी खाली बसली. पाठ भिंतीला, गुडघे पोटाशी. बाईंनी शाळेचं विचारलं, तिने शाळेचं सांगितलं. बाईंनी मैत्रिणीचं विचारलं, तिने मैत्रिणीचं सांगितलं. तिला जे सांगायचं होतं ते कुणी विचारलंच नाही. बाप बुटक्या खुर्चीवर अवघडून बसला होता. जवळ बोलावलं तर पढवल्यासारखं दिसेल म्हणून त्याने बोलावलं नाही. पण ती किती नीट बसली आहे ते बघून त्याचा ऊर भरून आला. टिचकी दाराकडे बघत राहिली. कुणीतरी यायला हवं होतं. नेहमी येणारा या वेळी तिच्यासोबत आतच होता.

दार उघडलं. आई आली.

टिचकी उठली आणि तिने आईच्या पोटात डोकं खुपसलं.

दुसरा मजला

न्यायाधीशबाईंनी समुपदेशक बाईंच्या अहवालातला तेवढा भाग सगळ्यांसमोर वाचला. वडील खोलीत असताना मुलगी दाराजवळ जमिनीवर बसून राहिली. खेळली नाही. दाराकडे बघत होती. वडिलांनीही तिला जवळ घेतलं नाही. आई येताच मोकळी झाली.

लिफ्टवाल्याने मान वर केली. समोरच्या बाकावर टिचकीची आई होती. तिनेही त्याच क्षणी मान वर केली.

तिला ठाऊक होतं. खाली बसायचं, पाठ भिंतीला, हे टिचकी शिकली तेव्हा ती स्वयंपाकघरात होती आणि हसून म्हणाली होती, "झालं, घरात दोन लिफ्टवाले."

त्याने वकीलबाईंच्या कानात सगळं सांगितलं. त्या ऐकत गेल्या आणि त्यांचा चेहरा पडत गेला. "म्हणजे आदल्या दिवशी तुम्ही तिला कसं वागायचं ते सांगितलंत?"

"भीती वाटली तर म्हणून सांगितलं."

"हे तोंडातून काढू नका. यालाच पढवणं म्हणतात. आहेत त्या भेटीही जातील."

आता त्याला बोलता येणार नव्हतं. राहता राहिली ती. तिने एक वाक्य बोलायचं होतं. तिचे ओठ हललेसुद्धा. मग तिने पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं, पुन्हा गुंडाळलं.

तिच्या जागी आपण असतो तर? त्याने स्वतःला विचारून पाहिलं. आपणही पदर गुंडाळत बसलो असतो. त्याला तिचा राग धड येईचना, आणि त्याचाच त्रास जास्त.

न्यायाधीशबाई म्हणाल्या, दोघंही चांगले आई-बाप आहात. पण मुलीला ठरलेला दिवस हवा, ठरलेली झोप हवी. वडिलांना अवेळी बोलावणं आलं तर ती कुणापाशी राहणार? त्यात हा अहवाल. ताबा आईकडे. वडिलांनी एक शनिवार सोडून एक शनिवार भेटावं.

हत्तीच्या खोलीवरून पुढे जाताना टिचकीने त्याचं बोट ओढलं. "मी नीट बसले होते ना?"

"अगदी नीट," तो म्हणाला.

पुन्हा तळमजला

पहिला शनिवार. आई टिचकीला खाली घेऊन आली. पिशवी त्याच्या हातात देताना म्हणाली, "त्या दिवशी मी—"

"स्वेटर घातलायस ना पिशवीत?"

"घातलाय."

"मग झालं."

ती वर गेली. लिफ्ट होती, पण जिन्याने गेली.

बाप-लेक कोपऱ्यापर्यंत पोचले आणि त्याचा फोन वाजला. आज त्याची सुट्टी होती, तरी त्याने घेतला. कुठल्याशा इमारतीत एक म्हातारे गृहस्थ अडकले होते, आवाज कापत होता. "माझा जोडीदार निघालाय, पोचेलच," लिफ्टवाला म्हणाला. नेहमीचं बोलणं जिभेवर आलं आणि तिथेच राहिलं. "तोवर दार वाजवा. हाका मारा आजोबा. जोरात. काय हवंय ते ओरडून सांगा."

त्याने फोन खिशात टाकला. टिचकी त्याच्याकडे टक लावून बघत होती.

"ओरडायचं नसतं ना?"

"नियम बदलला."

"मग मला आधी का नाही सांगितलंस?"

त्याने तो दाराबाहेरचा आवाज घशात शोधला. सापडला नाही. समोरून गाड्या जात राहिल्या. टिचकीने थोडी वाट पाहिली, मग स्वतःच त्याचा हात घट्ट धरला.

"चल," ती म्हणाली, "रस्ता मोकळा झालाय."