आज कोणाचा पाय?

बाप लंगडायचा, यात काही नवल नव्हतं. जगात पुष्कळ माणसं लंगडतात. नवल हे, की हा बाप सोमवारी उजव्या पायाने लंगडायचा, गुरुवारी डाव्याने, आणि मधले दिवस नाकासमोर सरळ चालायचा. आता बोला!

लेकीला हे कोडं शाळेत असताना पडलं. त्याआधी तिला वाटायचं, सगळ्यांचेच बाबा असे चालत असतील. मग वर्गातल्या एका आगाऊ मुलीने मधल्या सुट्टीत विचारलं, "तुझ्या बाबांचा नक्की कुठला पाय दुखतो गं?" लेकीने थाप ठोकून दिली की बाबा पूर्वी सर्कशीत होते आणि त्यांच्या दोन्ही पायांवर हत्तीने पाय दिला होता. थाप इतकी रंगली की पुढे वर्षभर तिला त्या हत्तीच्या खोड्या रचून सांगाव्या लागल्या. घरी आईला विचारलं तर आई म्हणाली, "मला काय विचारतेस? त्यांनाच विचार." तिथेच घोडं अडलं. खरंच काही दुखणं असलं तर? बापाच्या दुखण्यावर बोट कोण ठेवणार? पुढे कॉलेज झालं, नोकरी लागली, आई गेली, आणि विचारायचं ते राहूनच गेलं.

बाप बूट करायचा. पण साधे बूट नव्हेत. ज्यांचा एक पाय दुसऱ्यापेक्षा आखूड असतो, त्यांच्यासाठी एका बाजूला जाड तळ लावलेले. खाली दुकान, वर राहायच्या दोन खोल्या, मध्ये करकरणारा लाकडी जिना. लेकही बुटांच्याच धंद्यात पडली, पण मोठ्या कारखान्यात. कॉम्प्युटरवर एक बूट काढायचा, मशीनने त्याचे दहा हजार करायचे. बाप तिला 'इंजिनीअर बाई' म्हणायचा आणि चिडवायचा, "तुझं बरं आहे, उंटावरून शेळ्या हाकायच्या."

"आणि तुमचं काय?"

"माझ्याकडे शेळी एकच असते. पण तिचे चारही पाय वेगळे."

तर झालं काय, बापाच्या एका डोळ्याचा पडदा सरकला. ऑपरेशन झालं, डोळ्यावर पट्टी आली, आणि डॉक्टरांनी बजावलं, तीन आठवडे वाकायचं नाही, काही उचलायचं नाही, कुशीवर पडून राहायचं. दुसऱ्या डोळ्याने तसंही त्याला अंधूकच दिसायचं. लेक रजा टाकून घरी आली. बापाने ना पाणी मागितलं, ना औषध. पहिलं वाक्य काय, तर "सिस्टरचा बूट राहिलाय."

सिस्टर म्हणजे इस्पितळातली नर्स. चाळिशीची बाई, लहानपणच्या आजाराने उजवा पाय तीन सेंटिमीटर आखूड. वीस वर्षं ती बाळांच्या वॉर्डात होती. अलीकडे संध्याकाळपर्यंत कंबर धरायला लागली, चाल बिघडली, आणि वरच्या बाईंनी सांगून टाकलं की सोमवारी पूर्ण ड्युटी करून दाखवा, नाहीतर तुम्हाला तळघरात कागदपत्रांच्या खोलीत बसवू. बसून काम, आराम, पगार तोच. कोणीही हसत गेलं असतं. पण सिस्टर हे सांगताना रडल्या होत्या. त्यांना बाळं हवी होती, फायली नकोत.

"मी करते बूट," लेक म्हणाली. "तीन सेंटिमीटर ना? दोन दिवसांचं काम."

बापाने तिला करू दिलं. ही त्याची खोड होती. माणूस खड्ड्याकडे निघाला तरी आधी दोन पावलं जाऊ द्यायचं.

लेकीने बुचाचे थर एकावर एक चिकटवले, घासले, कातडं चढवलं, आणि मोजपट्टी लावून पाहिली. तीनला तीन! तिला स्वतःचं कौतुक वाटलं. शुक्रवारी सकाळी सिस्टर आल्या, बूट घालून खोलीत चार फेऱ्या मारल्या आणि म्हणाल्या, "छान झालाय गं. कुठे काही खुपत नाही." जाताना जिना उतरल्या, आणि इकडे बाप कुशीवर पडल्या पडल्या म्हणाला, "हाक मार तिला. बूट ठेवून घे."

"का? त्यांना तर आवडला."

"ती भली बाई आहे, म्हणून आवडला. उतरताना दर पायरीला थबकत होती. ऐकलं नाहीस?"

लेकीने ऐकलं नव्हतं. तिने सिस्टरना परत बोलावलं. त्या ओशाळून म्हणाल्या, "तुझी इतकी मेहनत, म्हटलं काय बोलायचं." आणि जुना बूट घालून कामावर गेल्या. लेकीला रडू यायचंच बाकी राहिलं. सोमवारला तीन दिवस उरले होते, आणि माप तर बरोबर होतं!

"माप बरोबरच आहे," बाप म्हणाला. "पण डॉक्टरने तिला उभी करून मोजलं. बाई वॉर्डात काय उभी राहायला जाते? जा, कपाटाच्या खालच्या खणात ठोकळे आहेत, पट्ट्यांसकट. तीनचा काढ आणि पायाला बांध."

खणात लाकडी ठोकळे होते, तळव्याच्या आकाराचे, एकापासून सातपर्यंत आकडे घातलेले. झिजून कडा गोल झाल्या होत्या. लेकीने तीनचा काढला, उजव्या बुटाखाली बांधला आणि दोन पावलं टाकली.

"उलटं बांधलंस," कुशीवरून आवाज आला. "तिचा उजवा आखूड. मग तू डावा उंच करायचास, म्हणजे तुझा उजवा आखूड होईल. इंजिनीअर म्हणे!"

लेकीने ठोकळा डाव्या पायाला बांधला. मग बापाचा पुढचा हुकूम आला: पाण्याची एक बादली घ्यायची, कारण सिस्टरचे हात कधी रिकामे नसतात. तासभर असंच गल्लीत फिरायचं. मग उजव्या बुटाखाली तसाच जाड बुचाचा तळ बांधून पुन्हा तासभर. "आधी तिचं दुखणं चालून बघ," बाप म्हणाला, "मग तिचं औषध चाल."

लेक बादली घेऊन रस्त्यावर आली. वीस पावलांत कंबर बोलू लागली. डोकं दर पावलाला खाली-वर. समोरच्या दुकानाच्या काचेत तिने स्वतःला पाहिलं. काचेत बाबा चालत होते. हुबेहूब.

कोपऱ्यावरचा किराणावाला स्टुलावर बसून डाळ निवडत होता. त्याने मान वर न करता विचारलं, "आज कोणाचा पाय?"

"काय?"

"अगं, कोणाचा पाय घेऊन निघालीस? तुझे बाबा सांगून जायचे. आज मास्तरांचा, आज शिंपीणबाईंच्या लेकीचा. मग आम्ही वाटेतली खोकी बाजूला घ्यायचो, अडखळायला नको म्हणून." आता त्याने मान वर केली. "तुला ठाऊक नव्हतं?"

नव्हतं. अख्ख्या गल्लीला ठाऊक होतं आणि घरच्या लेकीला नव्हतं. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. लेक बादली खाली ठेवून तिथेच उभी राहिली. हत्ती नाही, सर्कस नाही, दुखणंही नाही. तिचे बाबा इतकी वर्षं दुसऱ्यांचे पाय चालत होते.

"सिस्टरचा," ती म्हणाली. किराणावाल्याने मान डोलावली आणि समोरचं पोतं ओढून बाजूला घेतलं.

दुसऱ्या तासाला उजवा तळ चढवला. सपाट रस्त्यावर झकास चाललं. कंबर गप्प झाली. मग ती वाचनालयाच्या पायऱ्यांवर गेली, आणि तिसऱ्याच पायरीला बुटाचं नाक अडकलं. बादली हिंदकळली, निम्मं पाणी अंगावर. पुन्हा चढली, पुन्हा अडकलं; उतरतानाही तेच. तेव्हा तिच्या डोक्यात प्रकाश पडला. एवढा जाड तळ वाकत नाही. टाच उचलली तरी पुढची कड खालीच राहते. हातात बाळ असेल तर? सिस्टर थबकत होत्या त्या बाळासाठी. ही भीती तिच्या कॉम्प्युटरला दहा वर्षांत एकदाही वाटली नव्हती.

ओल्या कपड्यांनीच ती वर आली. "नाक खालून गोल कापायला हवं. पाऊल पुढे लोळलं पाहिजे."

"बरोबर," बाप म्हणाला. "मला पहिल्या वेळी चार दिवस लागले होते. तुझी आई म्हणाली, दगड बांधून चाललात तरी इतके पडला नसता."

लेक त्याच्या उशाशी बसली. "मला कधी सांगितलं का नाही?"

"तू कधी विचारलंस?"

"मला लाज वाटायची, बाबा. शाळेतून येताना तुम्ही असे चालताना दिसलात की मी पलीकडच्या फुटपाथवर जायचे."

"ते दिसायचं मला," बाप म्हणाला. डोळ्यावरची पट्टी चाचपून पुढे बोलला, "मला वाटायचं, चाल बघतेस. जवळून चाल कळत नाही, लांबूनच कळते. म्हटलं, पोरगी धंद्यातली आहे."

हे खरं होतं, की लेकीची लाज झाकायला त्याने आत्ता रचलं होतं? तिने त्याच्या तोंडाकडे निरखून पाहिलं. अर्ध्या तोंडावर पट्टी, काही पत्ता लागेना. थापा मारण्यात ती कोणावर गेली होती, ते मात्र लक्षात आलं. "बाबा, तुमच्यासारखा माणूस मी पाहिला नाही," ती म्हणाली. असलं काही या घरात कोणी कोणाला म्हणत नसे.

"मला तर सध्या कुठलाच दिसत नाही," बाप म्हणाला. "जा, कपडे बदल. सर्दी होईल."

शनिवारी तिने तळाचं नाक कापलं आणि पायऱ्या चढून पाहिल्या. पुन्हा कापलं, पुन्हा चढली. रविवारी किराणावाल्याने विचारणंही सोडून दिलं. संध्याकाळी सिस्टर बूट घेऊन गेल्या. त्या घाईत होत्या, दुकानातूनच परतल्या. बापाला काही ऐकायला मिळालं नाही, म्हणून तो जेवेपर्यंत कुरकुरत होता.

सोमवार जाता जाईना. दिवेलागणीला जिन्यावर पावलं वाजली. बापाने मान किंचित वळवली.

"बघ गं, कोणीतरी अनोळखी आलंय. नवीन गिऱ्हाईक असेल. दुकान बंद आहे म्हणून सांग."

लेकीने दार उघडलं. समोर सिस्टर उभ्या होत्या, गणवेशातच, दमून चेहरा उतरलेला, डोळे मात्र हसत होते. "बारा तास," त्या म्हणाल्या. "वॉर्ड माझाच राहिला."

लेकीने वाकून त्यांच्या बुटाचं नाक पाहिलं.

"कोण आहे?" बापाने आतून विचारलं.

"सिस्टर आहेत, बाबा."

"शक्यच नाही," बाप म्हणाला. "सिस्टरचं पाऊल मी ओळखतो."

सिस्टर वळल्या, सगळा जिना उतरून खाली गेल्या, आणि त्याला नीट ऐकू जावं म्हणून सावकाश पुन्हा वर आल्या.