भट्टीमागचं मडकं

“वरच्यावर काढ, दिपमाला. खालचं ढवळू नको. निजेलं लेकरू समज त्याले.”

सुनंदाबाईंचा आवाज अजून भट्टीच्या खोलीतून गेला नव्हता. त्या, दिपमालाच्या सासूबाई, जाऊन आज चौथा दिवस. भट्टी थंड पडली होती, आणि तिच्यामागच्या फळीवरचं मडकं दिपमाला दुरूनच पाहत होती, दोन्ही हात पदरात गुंडाळून.

मडक्यात पावाचं आंबवण होतं. सासूबाईंनी कधीकाळी शिंदीच्या ताडीवरचा फेस आणून ते धरलं होतं. रोज पहाटे त्यात बटाट्याचं पाणी नि मूठभर मैदा घालायचा, आणि वर आलेला फेस पावाच्या पिठात मिसळायचा. असोद्यात त्यांच्या पावाची चव म्हणजे तो फेसच. जळगावातून नवी नवरी होऊन आलेल्या दिपमालाने ताडीचं नाव ऐकून देवापुढे कान धरले होते. पण पुढे तिने अंघोळीशिवाय त्या मडक्याला बोट लावलं नाही, आणि सोमवारच्या उपासासारखी ती पहाटही कधी चुकवली नाही.

आता सुतक. भरलेलं पाणी, शिजलेलं अन्न बायकांनी त्याच दिवशी ओतून दिलं होतं. फळीवरचं मडकं तेवढं नजरेतून सुटलं. ते आज सकाळी चुलतसासरे तोताराम नानांना दिसलं. नाना रागावले नाहीत. संध्याकाळपर्यंत उकिरड्यावर रितं कर, यीस्टच्या पुड्या बाजारात मिळतात, एवढंच म्हणाले. तिने मान हलवली. नानांचा शब्द तिने आजवर मोडला नव्हता, आणि सुतकात आंबवणाला हात लावणं तर तिच्याच्यानेही होणार नव्हतं. फेस खाली बसत चालला होता. कडेला नुसती वाळकी रेघ.

दवाखान्यात सासूबाईंनी हात धरून तिच्याकडे दोन गोष्टी मागितल्या होत्या. दोन्हीला ती हो म्हणून बसली होती.

कामिनी, तिची नणंद, ओल्या केसांनी दारात आली. लेकीचं सुतक तीन दिवसांचं, तिचं फिटलं होतं. बाहेर तिचा नवरा हितेंद्र मोटारसायकल घेऊन आला होता. तो याच भट्टीवर काम शिकला आणि लग्नानंतर त्याने पाचोऱ्याला स्वतःची बेकरी टाकली. सासूबाईंनी ती चोरीच मानली. लेकीने वाटीभर फेस मागितला, तोही दिला नाही.

“निघते वयनी,” कामिनी म्हणाली. “आमच्याकडं पाव फुगत नही, नवराच फुगून बसतो.”

दिपमालाला हसायचंही त्राण नव्हतं. तिने भिंतीला पाठ टेकली आणि हनुवटीने फळीकडे खूण केली.

कामिनी वर पाहत राहिली.

“मले देऊ नको म्हनली असंन ना आई?”

“हो. म्हणाल्या.”

“मंग?”

“मरू देऊ नको, हे आधी म्हणाल्या.”

कामिनीने पदर खोचला, मडकं उतरवलं आणि कानाशी धरलं. आत कुठेतरी बारीक चुरचुर चालू असावी. तिचे डोळे भरून आले.

“तुमची भट्टी पेटली की आनून देते. बठ्ठं, थेंबबी न ठेवता.”

“थोडं तुमच्याकडं राहू द्या,” दिपमाला म्हणाली, आणि थंड राखेकडे पाहू लागली.

बाहेर हितेंद्रने गाडी सुरू केली होती. कामिनीने त्याला हातानेच थांबवलं. गाडीवर हिंदकळेल, तुम्ही व्हा पुढं, मी एसटीनं येते, म्हणाली. मग दोन्ही हातांनी मडकं पोटाशी धरून, खड्डे चुकवत, ती स्टँडच्या वाटेला लागली.