उजव्या चाकाची टोपी

पुढचं डावं चाक घुमायला लागलं होतं आणि आमच्या घरात त्यावर कोणी चकार शब्द काढला नव्हता. एरवी काय गहजब झाला असता! गाडी फाटकातून आत यायच्या आधीच बाबांनी आवाज ओळखला असता, दादाने "हिला मागेच सांगितलं होतं" म्हणून सगळं माझ्यावर ढकललं असतं, आणि मी दोघांना सुनावलं असतं की गाडी मी चालवते, तुम्ही नुसते कान लावून बसता. आमच्याकडे भांडणाशिवाय नटसुद्धा फिरत नसे. शेजारचा शिंपी म्हणायचा, तुमचं गॅरेज उघडं आहे की बंद हे मला बघावं लागत नाही, ऐकू येतं.

दादा गेला आणि ऐकू येण्यासारखं काही उरलं नाही. एका सकाळी तो उठलाच नाही, एवढंच झालं. डॉक्टरांनी हृदयाचं काहीतरी सांगितलं, मी मान हलवली. माणसं आली, बसली, गेली. मी चहा केला, कप धुतले, पुन्हा चहा केला. मी रडले नाही, बाबाही रडले नाहीत. लोक म्हणाले, धीराची आहेत हो दोघं. कसला डोंबलाचा धीर! आत काही हलतच नव्हतं. दाढेला भूल दिल्यावर आपण आपलाच गाल चावतो आणि आपल्याला कळत नाही, तसं चाललं होतं.

बाबांनी त्यानंतर गॅरेजच्या शेडमध्ये पाऊल टाकलं नाही. आमची शेड म्हणजे घराच्या भिंतीला टेकवून घातलेले पत्रे. आतल्या खोलीत पलंगावर बसलं की पलीकडे कोणी पाना खाली ठेवला तरी कळतो. त्या पलंगावर बाबा बसून असत. ताट पुढे आलं की जेवत, उचललं की थांबत. मग त्यांच्या थोरल्या बहिणीने, आमच्या आत्याने, ठरवलं की त्यांना आपल्याकडे घेऊन जायचं, ते कायमचंच. "त्या शेडकडे बघून बघून माणूस वाळून जाईल गं," ती फोनवर म्हणाली. बाबा म्हणाले, तुम्ही म्हणाल तसं. मी म्हणाले, बरं.

मला ते नको होतं. ते एकदा गेले की परत येणार नाहीत, शेडला कुलूप लागेल आणि या घरात मी एकटी कप धूत बसेन, हे मला स्वच्छ दिसत होतं. पण नको म्हणायलासुद्धा अंगात काहीतरी लागतं, ते आणायचं कुठून? म्हणून मी बरं म्हणाले आणि त्यांची बॅग भरली.

आत्या दुपारी बसने यायची होती आणि तिला नि बाबांना आमच्याच गाडीतून डोंगरापलीकडे सोडायचं ठरलं होतं. या गाडीतून मी एरवी वरच्या वस्त्यांवर गॅसच्या टाक्या पोचवते. रस्ता कसला, दगडांचा ढीग आहे, म्हणून तर चारही चाकं ओढणारा ट्रक लागतो. असल्या रस्त्याला घुमणारं बेअरिंग घेऊन जायचं म्हणजे चाक आपल्याआधी खाली पोचायचं. थोडक्यात काय, बापाला घालवून देण्यासाठी आधी गाडी नीट करा! दुसऱ्याच्या गॅरेजात नेता आली असती, पण आमची गाडी दुसऱ्याच्या गॅरेजात दिसली असती तर लोकांनी तोंडात शेण घातलं असतं. दादा नवी बेअरिंग आणून फळीवर ठेवायचा, ती तिथे होतीच. सकाळी मी बाह्या सरसावल्या.

खरं सांगायचं तर मी कधी स्वतः बेअरिंग बदललेलं नव्हतं. पण लहानपणापासून त्या दोघांना पाने मीच देत आलेय, पाठोपाठ शिव्याही. हातांना सगळं ठाऊक होतं, डोक्याची गरज नव्हती, आणि त्या दिवसांत ती सोयच होती. जॅक लावला, स्टँड दिला, चाक काढलं. ब्रेकचा कॅलिपर सोडवून तारेने वर टांगला. मग चाक ज्यावर बसतं त्या हबच्या मध्यावरची टोपी. ही पत्र्याची, छोट्या वाटीएवढी; ग्रीस आत ठेवते आणि धूळ बाहेर. छिन्नीने कडेकडेने उचकटली, चिंधी आत फिरवली, लख्ख पुसली आणि ट्रेमध्ये ठेवून दिली. नव्यात जुनं ग्रीस मिसळायचं नाही. बाबांची ही शिकवण आम्हा दोघांच्या डोक्यात टपल्यांसकट बसलेली.

पुढचंही होत गेलं. लॉकनट सोडला, हब ओढून काढला, सील फोडून आतलं बेअरिंग बाहेर घेतलं. रोलरवर खड्डे पडले होते, नखाला लागत होते. घुमणारच की! मी नवं बेअरिंग तळहातावरच्या ग्रीसवर दाबत होते, तळहाताच्या कडेने एकेका रोलरमध्ये ग्रीस शिरवत होते, आणि सहज ट्रेमधल्या टोपीकडे बघितलं. रिकामी, चकचकीत.

आमच्या शेडची एक पद्धत आहे. टोपीत ग्रीस गच्च भरायचं नाही, कारण चाक तापलं की ते फुगतं, त्याला जागा लागते. म्हणून ग्रीस भरल्यावर मधोमध अंगठा दाबून खड्डा करायचा आणि मगच टोपी ठोकायची. "आपण अंगठेबहाद्दर," बाबा म्हणायचे, "आपली सही हीच." त्यांची शाळा लवकर सुटली होती आणि बँकेत सही करताना त्यांना घाम फुटायचा, त्यामुळे हा विनोद करायचा हक्क फक्त त्यांना. दुसऱ्याने केला की खलास. गेल्या वर्षी ही दोन्ही चाकं खोलून दादानेच ग्रीस भरलं होतं. म्हणजे त्या टोपीत दादाचा अंगठा होता, आणि तो मी पुसून टाकला होता.

आता तरी रडू येईल म्हणून मी थांबून राहिले. नाही आलं. ती चिंधी तेवढी उचलली आणि पँटच्या खिशात कोंबली. ग्रीसची चिंधी, खिशात! दादा असता तर हसून हसून लोळला असता. मग काय करणार, मी हातोडी उचलली.

बेअरिंग ज्यात फिरतं तो कप म्हणजे पोलादाची कडी. ती हबमध्ये ठोकून बसवावी लागते. चारी बाजूंनी थोडी थोडी ठोकायची, सरळ जात असली तर आवाज भरीव येतो. माझा आवाज भरीव येत नव्हता. किणकिणत होता. कप एका अंगाला कलला होता हे मला कळत होतं, तरी मी आपली ठोकतच होते. हात थांबत नव्हता.

"थांब."

दाराशी बाबा उभे होते. प्रवासासाठी मी काढून दिलेला इस्त्रीचा शर्ट घातला होता.

"वाकडा जातोय," ते म्हणाले.

"जाऊ दे गेला तर."

त्यांनी हात पुढे केला. मी हातोडी दिली. त्यांनी कलत्या बाजूच्या समोर दोन हलके ठोके दिले, कप सरळ केला, मग गोल गोल फिरवत ठोकत गेले. किणकिण गेली. कप तळाला बसला तसा आवाज एकदम जड झाला आणि बाबा थांबले. इस्त्रीच्या शर्टावर ग्रीस लागलं होतं. त्यांनी बघितलंही नाही.

त्यानंतर आम्ही काम केलं. त्यांनी नट आवळला, मी हब फिरवत राहिले, मग त्यांनी तो किंचित मागे सोडला. आवळूनच ठेवला तर बेअरिंग जळतं. टोपीत ग्रीस भरून त्यांनी ती माझ्यापुढे धरली.

"तुम्ही द्या ना अंगठा," मी म्हणाले.

"काम कोणाचं?"

मी अंगठा दाबला. गार लागलं. त्यांनी टोपी ठोकून बसवली, चाक चढवलं, आणि जॅक ओढत निघाले दुसऱ्या बाजूला.

"ती बाजू राहू द्या," मी म्हणाले.

"जोडीने बदलायची असतात."

"वाजत नाहीये ती."

"आज वाजत नाही. उद्या वाजेल. मला शिकवतेस?"

त्यांनी चाक उचललं, काढलं. टोपीला छिन्नी लावली. मी एकदम बोलले. "बाबा, जपून. त्यात दादाचा अंगठा आहे. डावीकडचा मी पुसला. माझ्या लक्षातच आलं नाही हो, मी सरळ पुसून टाकला."

बाबांचा हात थांबला. मग त्यांनी टोपी इतकी हळू काढली की ती निघाल्याचा आवाजही आला नाही. दोन्ही हातांत धरून उजेडाकडे नेली. ग्रीस काळपट झालं होतं, पण मधला खड्डा जसाच्या तसा होता, आणि त्यातून आडवी गेलेली एक बारीक रेघ. लहानपणी दादाने पत्र्यावर अंगठा कापून घेतला होता, त्या वणाची. किती बोंबलला होता तेव्हा! टाके घालताना बाबांनी त्याला मांडीवर दाबून धरला होता.

फळीवर नवं बेअरिंग होतं. त्यांच्या खांद्यावर चिंधी होती. बाबांनी दोन्हींकडे बघितलं. मग टोपी होती तशी हबवर टेकवली आणि हातोडी न घेता तळहाताच्या टाचेने दाबून बसवली. चाक चढवलं, वर-खाली धरून हलवलं, गरकन फिरवून कान लावला.

"चांगली आहे," ते म्हणाले. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी एकच बाजू बदलून काम थांबवलं होतं.

तेवढ्यात आत्या आली. बाबांची बॅग आतून उचलूनच आली. "अरे, हे काय, शर्टाची वाट लावलीस की! झाली का गाडी? निघू या."

"एक बाजू राहिलीय, ताई."

"मग कर की. मी बसते तोवर."

"ती अजून वाजत नाही. वाजेल तेव्हा करायची."

"मग झालं तर! न वाजणारीचं काय एवढं?"

"वाजेल कधीतरी. तेव्हा ऐकायला कोणी नको?" बाबा हात पुसत म्हणाले. "हिच्या भरवशावर नाही ठेवता येत. हिला काही ऐकू येत नाही, गाडीत बसली की रेडिओ लावते."

"मला ऐकू येत नाही?" माझा आवाज चढला. किती दिवसांनी चढला! "डावं घुमत होतं ते कोणी ओळखलं? तुम्ही?"

"मला पलंगावरून कळत होतं. गाडी कोपऱ्यावर असायची तेव्हापासून."

"कळत होतं तर बोलला का नाहीत?"

"तू बोललीस?" बाबा ओरडले. "तू तरी बोललीस काही? बॅग भरून मोकळी झालीस!"

"मग आता बोलते! नाही जायचं! कुठ्ठे जायचं नाही तुम्ही!"

आत्या बॅग हातात धरून एकदा माझ्याकडे, एकदा त्यांच्याकडे बघत राहिली. शेजारी शिंप्याचं मशीन चालू होतं, ते थांबलं.