उजव्या कोपऱ्यातलं नाव

सत्यजित उकिडव्यांना या प्रकरणात काय मिळण्यासारखं होतं, ते आधी बघून घ्यावं. एकच गोष्ट: मुलगी. उर्वी काही हरवलेली नव्हती. ते राहत त्या अमेरिकेतल्या कॅरी गावापासून चाळीस मिनिटांवर एका कॉलेजात ती सिनेमा शिकवत होती. पण ही चाळीस मिनिटं ती वर्षातून तीनदा ड्राइव्ह करायची, आणि आली की दहाव्या मिनिटाला फोन काढायची. "बाबा, तुम्ही बोलता ना, इट्स लाइक अ स्प्रेडशीट," असं एकदा हसत म्हणाली होती. पस्तीस वर्षं औषध कंपनीत आकडेमोड केलेल्या माणसाला हे लागायला नको होतं. लागलं. बायको, मृणालिनी, सहा वर्षांपूर्वी गेली, तेव्हापासून जास्तच.

त्या वसंतात लायब्ररीने दोन महायुद्धांमधल्या पॅरिसवरचे चित्रपट लावले. चित्रकार, कॅफे, मॉडेल, नाच आणि भरपूर धूर. शनिवारी चित्रपट, मंगळवारी दुपारी चर्चा. सत्यजितना यातलं काही कळत नव्हतं. ते ओळखीच्या शरयूताई गुप्त्यांना राइड द्यायला म्हणून गेले. डोळ्यांमुळे ताईंचं ड्रायव्हिंग बंद झालं होतं, आणि या गावात ज्याची गाडी बंद, तो राइड देणाऱ्याशी जरा जपूनच बोलतो. दोघांनाही हे माहीत होतं, म्हणून दोघंही तसं काही नसल्यासारखी वागत.

शरयूताई नागपूरला चित्रकला शिकलेल्या. परतीच्या वाटेवर त्यांची बोलण्याची गाडी सुटायची. "सगळे उपाशी आहेत म्हणे. मग यांच्या शर्टांना इस्त्री कोण करतं? आणि ती मॉडेल तीन तास थंडीत उघडी बसलीय, खोकतो कोण, तर पेंटर!"

"हे मंगळवारी बोला ना, ताई."

"चारचौघांत उभं राहिलं की माझं इंग्रजी घरी राहतं. तू बोल."

पहिल्या मंगळवारी सत्यजितनी "माझी मैत्रीण म्हणते" असं म्हणून ते सांगितलं. लोक हसले, वळून पाहायला लागले, आणि ताई पर्समध्ये काहीतरी शोधत बसल्या. दुसऱ्या मंगळवारी त्यांनी मैत्रीण गाळली. ताईंना अवघडायला नको, एवढाच हेतू. निदान त्यांनी स्वतःपुढे तो तसाच मांडला.

नेमकी त्या दिवशी उर्वी आली होती. लायब्ररीने तिला पाहुणी म्हणून बोलावलं होतं. तिचा बाप उभा राहून सांगत होता, "एक युद्ध संपलंय आणि दुसरं येतंय, हे चित्रपट काढणाऱ्याला माहीत आहे, त्या नाचणाऱ्यांना नाही. म्हणून ते इतके सुंदर दिसतात." उर्वीने वहीत लिहून घेतलं. संध्याकाळी ती घरी जेवायला थांबली, दोनदा भात घेतला, आणि फोन पर्समधून निघालाच नाही.

"बाबा, हे सगळं तुम्ही कुठे लपवून ठेवलं होतं?"

सत्यजितनी तिला लोणचं वाढलं.

तिसऱ्या चित्रपटात एका चित्रकाराची बायको होती. तीही चित्रं काढायची, पण पडद्यावर बहुतेक वेळ नवऱ्याचे ब्रश धूत होती. त्या शनिवारी परतताना दुसऱ्या सिग्नलला ताईंनी चष्मा काढून पुसला. मग म्हणाल्या, "मी स्वतःचेच धुतले. अडतीस वर्षांपूर्वी, एका रविवारी. सगळे ब्रश धुतले, वाळवले, गराजमध्ये ठेवून दिले. कुणी बंद कर म्हटलं नव्हतं रे. पण कुणी थांबवलंही नाही." थोड्या वेळाने, "हे आपल्यात हं, सत्यजित."

"हो, ताई."

मंगळवारी उर्वी पहिल्या रांगेत होती, ताई तिसऱ्या. सत्यजित बोलायला उभे राहिले आणि त्यांच्याकडे सांगण्यासारखं तेवढंच होतं. 'माझी मैत्रीण' म्हणावं, तर सगळे ताईंकडे वळणार. न सांगावं, तर उर्वी फोन काढणार. ते म्हणाले, "माझ्या बायकोने एका रविवारी आपले सगळे ब्रश धुतले..."

शेवटचं वाक्य संपवून ते खाली बसले. टाळ्या वाजल्या. ताईंनीही वाजवल्या.

पार्किंग लॉटमध्ये उर्वीने त्यांना मिठी मारली. ती रडत होती. "आई पेंट करायची? आणि मी कॉलेजात फिल्म घेतली तेव्हा वर्षभर बोलली नाही माझ्याशी! बाबा, मला वाटायचं शी वॉज अशेम्ड ऑफ मी. माझंही तसंच होऊ नये म्हणून ती मला वाचवत होती ना?" मग ओढणीला डोळे पुसत, "एक तरी चित्र असेल ना? एखादंच?"

सत्यजितनी खिशातून गाडीची किल्ली काढली. इथे खरं बोलायला जागा होती. मिनिटभर तरी होती.

"एक माझ्याकडे आहे," शरयूताई म्हणाल्या. "तिनेच दिलं होतं. शनिवारी घेऊन जा, बाळा."

गाडीत बसल्यावर सत्यजित म्हणाले, "ताई, मी आज फोन करून सांगतो तिला. खरंच सांगतो."

"काय सांगशील? आई खरंच चिडली होती, एवढंच? पोरीचा चेहरा पाहिलास ना? आता गप्प बस, आणि घरी आत ये. काम आहे."

चित्र ताईंच्या झोपायच्या खोलीत होतं. नागपूरची गच्ची, पांढऱ्या चादरीवर वाळत घातलेल्या कुरडया, आणि एक कोपरा ओढत असलेला कावळा. ताईंनी एवढं एकच ठेवलं होतं. उजव्या कोपऱ्यात लाल अक्षरांत 'शरयू'.

त्यांनी चित्र टेबलावर आडवं ठेवलं आणि नातीचे शाळेचे रंग काढले. नावाभोवतीचा रंग जुळेपर्यंत तपकिरीत थोडा पिवळा मिसळला, डोळे अगदी जवळ नेले. "टेबल हलतंय. फ्रेम धर."

"ताई, नका."

"मग तू पुसतोस?"

सत्यजितनी फ्रेम धरली. तीन अक्षरांना चार-पाच मिनिटं लागली. मधेच त्या म्हणाल्या, "रंग बरा जमला की," आणि त्या आवाजातला आनंद सत्यजितना सगळ्यात जास्त बोचला.

शनिवारी उर्वीने चित्र नेलं. "हे आईचं माहेर ना?" तिने विचारलं. मृणालिनीचं माहेर मिरजेत, एका खोलीचं, गच्ची नव्हतीच. "हो," सत्यजित म्हणाले.

आता उर्वी दर रविवारी येते. चौथा चित्रपट पाहायला ताई आल्या नाहीत. सत्यजितनी दोनदा फोन केला, तर म्हणाल्या, शेजारची इला राइड देते आता.

तेव्हा, कुणाला हे केवढ्याला पडलं? उर्वीला आई मिळाली. सत्यजितना मुलगी मिळाली, आणि तिला रविवारी समोर बसवून तिच्या आईच्या चित्रांबद्दल काहीबाही सांगावं लागतं, तेवढाच त्यांचा त्रास. भरलं दोन बायकांनी. शरयूताईंनी आपलं उरलेलं एकुलतं चित्र दिलं, आणि त्यावरचं नाव. आणि मृणालिनी, जिने आयुष्यात ब्रश हातात धरला नाही, जी मुलीच्या काळजीने खरोखर चिडली होती, ती होती तशी आता कुणाच्याच आठवणीत नाही, एका सत्यजितच्या सोडून.